नाथसागरात कोण कोणाचं खातं

धरण म्हटलं की खोल डोह डोळ्यांसमोर येतो. पैठणचा नाथसागर तसा नाही. १९७६ साली पूर्ण झालेलं गोदावरीवरचं हे जायकवाडीचं धरण काठोकाठ भरलं की पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं. साठवण सुमारे २९० कोटी घनमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली जेमतेम आठ मीटर निघते. एवढ्या पसरट, उथळ पाण्यात तळाशी जे घडतं त्याचा परिणाम वरपर्यंत पोचतो. म्हणून इथल्या माशांची गोष्ट तळापासून सांगावी लागते.

काठावर गळ टाकून बसणाऱ्या हौशी माणसाला हवा असतो मरळ, नाहीतर शिंगाळा. गळाला लागते ती बहुतेकदा तळहाताएवढी चिलापी. असं का होतं, हे समजायला आधी एक गैरसमज बाजूला ठेवला पाहिजे. ‘परदेशी मासे वाईट, आपले चांगले’ एवढ्यावर हे भागत नाही. कटला, रोहू, मृगळ हे बाजारातले आपले लाडके मासे मूळचे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले. गोदावरीला तेही पाहुणेच. दरवर्षी त्यांची बोटुकली, म्हणजे लहान पिलं, धरणात सोडतात, पण त्यांची संख्या हाताबाहेर जात नाही. कारण या तिघांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा वीत नाहीत. बीज सोडणं थांबवलं आणि मासेमारी चालू राहिली तर काही वर्षांत त्यांची संख्या ओसरते. लगाम माणसाच्या हातात राहतो.

म्हणून कुठल्याही नव्या माशाबद्दल माझा पहिला प्रश्न असतो : हा इथे, या साचल्या पाण्यात, आपल्या मदतीशिवाय वितो का?

१९५७ हे वर्ष या दृष्टीने मजेशीर आहे. त्या वर्षी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी पियूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन आपल्या माशांना तळ्यात अंडी घालायला लावलं. आजची बहुतेक मत्स्यबीज केंद्रं त्या शोधावर उभी आहेत. आणि त्याच वर्षी, त्याच राज्यात कटकला बँकॉकहून एक मासा आणला गेला, ज्याला इंजेक्शनची गरजच नव्हती. तो म्हणजे सायप्रिनस, अर्थात कॉमन कार्प. त्याची दुसरी जात १९३९ मध्येच श्रीलंकेतून निलगिरीत आली होती. मादी वजनाच्या किलोमागे लाखाच्या आसपास अंडी घालते. अंडी चिकट असतात, बुडालेल्या गवताला चिकटतात आणि दोन-तीन दिवसांत फुटतात. एकदा पावसाळ्यात, एकदा उन्हाळ्याच्या तोंडाशी, असा वर्षात दोनदा हंगाम.

बुडालेलं गवत नाथसागरात कमी नाही. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या पात्रात गाळपेर होते. पीक निघाल्यावर धसकटं आणि तण तिथेच राहतं. पुढच्या पावसाळ्यात पाणी चढलं की हा सगळा पट्टा गुडघाभर, कंबरभर पाण्याखाली जातो. सायप्रिनसला याहून सोयीची बाळंतिणीची खोली मिळायची नाही.

आता त्याचं खाणं. त्याचं तोंड नळीसारखं पुढे येतं, ओठांजवळ मिशा असतात. तो तळाच्या चिखलात तोंड खुपसतो, घासभर चिखल ओढतो, त्यातले किडे, अळ्या, शिंपले, बिया गाळून घेतो आणि उरलेला गाळ बाहेर फेकतो. डुकराने भुईमुगाचं वावर उकरावं तसा तो तळ उकरत जातो. एका माशाने काही होत नाही. पण दाटी झाली की तीन गोष्टी एकापाठोपाठ घडतात. काळ्या मातीचा बारीक गाळ पाण्यात तरंगत राहतो आणि खाली उजेड पोचत नाही. पाणवनस्पतींची मुळं सुटतात, उरलेल्या वनस्पती उजेडाअभावी मरतात. आणि चिखलात दडलेलं फॉस्फरस, ज्यात शेतातून वाहून आलेल्या खताचा वाटा मोठा, पुन्हा पाण्यात मिसळतं. त्यावर सूक्ष्म शेवाळ माजतं, पाणी हिरवं-गढूळ होतं, उजेड आणखी कमी होतो. वनस्पती परत उगवायला स्वच्छ पाणी हवं. पाणी स्वच्छ व्हायला गाळ धरून ठेवणाऱ्या वनस्पती हव्यात. हे चक्र एकदा उलटं फिरलं की आपोआप सुलटं होत नाही.

मरळाचा संबंध इथे येतो. मरळ डोळ्यांनी शिकार करतो. दबा धरून बसतो आणि झडप घालतो. घरटं पाणगवतात करतो, नर-मादी पिलांची राखण करतात. गढूळ पाण्यात त्याला शिकार दिसत नाही, गवत गेलं की घर जातं. शिवाय सुरुवातीच्या दिवसांत जवळपास सगळ्या माशांची पिलं एकच गोष्ट खातात, ती म्हणजे पाण्यातले सूक्ष्म प्राणिप्लवंग. तिथे टंचाई झाली की मोठेपणी मांसाहारी होणारा मासा लहानपणीच उपाशी मरतो. झळ माशांपुरती राहत नाही. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, पोटॅमोजेटॉन अशा वनस्पतींवर आणि त्यांच्यातल्या किड्यांवर हिवाळी बदकं पोसली जातात.

चिलापीची तऱ्हा वेगळी. ती मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२ मध्ये आली. अंडी शेकड्यांत, पण मादी ती तोंडात धरून उबवते आणि पिलांनाही धोका दिसला की तोंडात घेते. धरणाची पातळी झपाट्याने खाली गेली तर सायप्रिनसची गवताला चिकटलेली अंडी वाळतात. चिलापीची अंडी आईसोबत हलतात. दोन-तीन महिन्यांत ती वयात येते आणि वर्षात अनेकदा विते. गर्दी झाली की वाढ खुंटते, पण वीण थांबत नाही. मग जाळं भरतं आणि भाव मिळत नाही.

तिसरा मासा चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प. तो १९५९ मध्ये आला. कल्ल्यांतल्या चाळणीने तो पाण्यातलं प्लवंग गाळून खातो, म्हणजे थेट कटल्याच्या ताटातलं. त्याला अंडी तरंगत ठेवणारा लांब वाहता प्रवाह लागतो, त्यामुळे बहुतेक धरणांत तो वीत नाही. बहुतेक, सगळ्यांत नाही. हिमाचलमधल्या भाक्रा धरणाच्या गोविंदसागरात १९७१ च्या सुमारास बिलासपूरजवळच्या मत्स्यकेंद्रातून पुरात तो निसटला. वरून येणाऱ्या सतलजचा प्रवाह त्याला मिळाला, आणि पुढे गोविंदसागरातल्या मासेमारीत चंदेरा वरचढ झाला, कटला मागे पडला. अमेरिकेतही हाच मासा १९७० च्या दशकात शेततळी साफ ठेवायला नेला होता. आता मिसिसिपीच्या खोऱ्यातून तो ग्रेट लेक्समध्ये शिरू नये म्हणून शिकागोजवळच्या कालव्यात विजेचे अडथळे लावले आहेत.

शेततळ्यात मात्र हेच मासे उपयोगी ठरतात, हेही सांगायला हवं. वरच्या थरात कटला आणि चंदेरा, मध्ये रोहू, तळाला मृगळ आणि सायप्रिनस, गवतासाठी गवत्या (ग्रास कार्प), अशी सहा माशांची शेती देशभर होते. फरक इतकाच की शेततळं वर्षाअखेर उपसता येतं.

मराठवाड्यातले पाझर तलाव तर उन्हाळ्यात स्वतःच आटतात आणि पाहुण्यांचा हिशेब कोरा करतात. नाथसागर असा कोरा होत नाही. दुष्काळात उपयुक्त साठा शून्यावर गेला तरी २६ टीएमसी मृतसाठा शिल्लक राहतो, आणि त्यात पुढच्या वर्षाचं बियाणं तग धरतं. नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सुटलं की त्याच्यासोबत वरची पिलावळही खाली येते.

त्यामुळे नायनाट हा शब्द इथे वापरण्यात अर्थ नाही. जमण्यासारखं आहे ते दाटी कमी करणं, आणि त्याची योग्य वेळ उन्हाळ्याअखेरची, पाणी आकसून मासे एकवटतात तेव्हाची. मात्र जाळ्याचा आस बारीक असेल तर चिलापीबरोबर मरळ आणि शिवडा या माशांची पिलंही उचलली जातात, आणि चिलापीच्या पिलांवर ताव मारणारे शिकारी नेमके हेच. सोडलेल्या कटला-रोहूची बोटुकलीही जगायची तर चांगली बोटभर लांब हवीत. जिऱ्याएवढी सोडली तर ती दुसऱ्याच्या पोटात जातात. आणि गळवाल्यांनी एवढं करावं : आमिषासाठी डब्यात आणलेले जिवंत मासे उरले तर पाण्यात सोडू नयेत, आणि हाती आलेली चिलापी कितीही लहान असली तरी परत टाकू नये.