रेशमी मुंगीखाऊ : एक नाव आणि सात जाती

मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण अरण्यांत वृक्षांच्या उंच फांद्यांवर राहणारा आणि जवळजवळ केवळ मुंग्यांवर जगणारा एक लहानसा सस्तन प्राणी आहे. त्याच्या मऊ, सोनेरी लोकरीवरून त्यास मराठीत रेशमी मुंगीखाऊ म्हणता येईल. शेपटीसह त्याची लांबी चाळीस सेंटीमीटरांच्या आसपास आणि वजन १७५ ते ४०० ग्रॅम असते; मुंगीखाऊंमध्ये याहून लहान दुसरा नाही. आपल्याकडील खवले मांजरही दंतहीन व मुंग्या खाणारे आहे. परंतु हे साम्य आहारातून उद्भवलेले असून दोघांचे निकटचे नाते नाही.

या प्राण्याच्या पुढच्या पायांवर दोन मोठ्या, बाकदार नख्या असतात. वेलींच्या पोकळ देठांत मुंग्यांची वसती असते; ते देठ या नख्यांनी चिरून तो लांब, चिकट जिभेने आतील मुंग्या टिपतो. एका दिवसात तो ७०० ते ५,००० मुंग्या खातो. संकट आले की मागचे पाय व शेपटी यांनी फांदी घट्ट धरून तो उभा राहतो आणि पुढचे पाय तोंडासमोर धरतो. दिवसा वेलींच्या जाळीत अंगाचा गोळा करून झोपणे व रात्री संथपणे हिंडणे हा त्याचा क्रम. मादीला एका वेळी एकच पिलू होते. पनामातील बारो कोलोराडो बेटावर झालेल्या निरीक्षणांत एका नराचे क्षेत्र सुमारे ११ हेक्टर, तर मादीचे ३ हेक्टरांहूनही कमी आढळले. पांढऱ्या सावरीच्या बोंडांतील कापसात त्याचा रंग मिसळून जातो, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते खरे असेलही. मात्र तो सावरीवरच राहतो, असा निष्कर्ष त्यावरून काढणे योग्य नव्हे.

नावांचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. ब्राझीलमध्ये त्यास ‘तामान्दुआई’ म्हणतात. हा तुपी भाषेतील शब्द. ‘तामान्दुआ’ म्हणजे मुंगीखाऊ आणि ‘ई’ हा लघुत्ववाचक प्रत्यय. कोस्टारिकात मात्र स्पॅनिश भाषिकांनी त्यास ‘केळीच्या बागेतील देवदूत’ ठरविले. १७५८ साली लिनिअसने दिलेल्या शास्त्रीय नावातील ‘डिडॅक्टिलस’ याचा अर्थ ‘दोन बोटांचा’. हे वर्णन पुढच्या पायांपुरतेच खरे, कारण मागच्या पायांना चार बोटे आहेत. तरीही विसाव्या शतकात, आणि त्यानंतरही बराच काळ, हे एकच नाव मेक्सिकोपासून बोलिव्हियापर्यंतच्या सर्व रेशमी मुंगीखाऊंना लागू केले जात होते.

२०१८ साली फ्लाव्हिया मिरांडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहालयांतील कवट्या व कातडी आणि जिवंत प्राण्यांच्या रक्तातील जनुकद्रव्य यांची तुलना करून या एका नावाखाली सात जाती असल्याचे प्रतिपादन केले. तीन जुनी, टाकून दिलेली नावे पुन्हा ग्राह्य ठरली. तीन जाती सर्वस्वी नव्या निघाल्या. हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नाही. या प्राण्यास विशेष धोका नाही, असा जो २०१४ सालचा आंतरराष्ट्रीय निर्वाळा आहे, तो एकाच विस्तीर्ण जातीचा विचार करून दिलेला होता. तोच निर्वाळा सातांना जसाच्या तसा वाटून देता येत नाही. रोंदोनिया येथील तांबूस जातीचा ज्ञात प्रदेश लहान आहे, आणि तेथे जंगलतोड मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. ईशान्य ब्राझीलच्या किनाऱ्यावरील प्राण्यांस आजही ‘डिडॅक्टिलस’ याच जातीत धरले जाते. परंतु ॲमेझॉनमधील आपल्या सजातीयांपासून ते शेकडो कोसांच्या रुक्ष मुलखाने तुटलेले आहेत, आणि त्यांच्या अरण्याचा बराचसा भाग उसाच्या मळ्यांखाली गेला आहे.