अपस्मार आणि अडलेला श्वास

रस्त्यात एखाद्यास फेफरे आले की भोवती गर्दी जमते. कोणी कांदा, तर कोणी चप्पल त्याच्या नाकाशी धरतो आणि कोणी दातखीळ उघडण्यासाठी तोंडात चमचा घालतो. हेतू परोपकाराचाच असतो; परंतु झटका ओसरत असताना रुग्णास सर्वाधिक निकड असते ती मोकळ्या हवेची, आणि नेमकी तीच या उपायांनी अडविली जाते. अपस्मार हा मेंदूचा विकार होय, हे सुशिक्षितांस ठाऊक असते. त्याचा श्वासाशी असलेला संबंध मात्र फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

मेंदूतील चेतापेशींचे कार्य उत्तेजक व शामक रासायनिक द्रव्यांच्या समतोलावर चालते. हा तोल ढळून असंख्य पेशी एकाच वेळी उद्दीपित झाल्या की झटका येतो. तो आवरण्यास ॲडेनोसिन हे द्रव्य साहाय्य करते. पण तेच द्रव्य श्वसनाचे नियंत्रण करणारी मेंदूतील केंद्रेही मंदावू शकते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. सेरोटोनिन हे दुसरे द्रव्य. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला असता झोपलेल्या माणसास जागे करण्यात सेरोटोनिन निर्माण करणाऱ्या पेशींचा मोठा वाटा असतो. झटक्यानंतर त्या निष्क्रिय झाल्या, तर उशीत तोंड रुतलेला रुग्ण मानही वळवीत नाही, असे संशोधकांचे अनुमान आहे.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीने या अनुमानास बळकटी दिली. रुग्णालयांच्या निरीक्षण कक्षांत अकस्मात दगावलेल्या १६ अपस्मारग्रस्तांपैकी १४ जणांचा मृत्यू रात्री झाला होता. आणि ज्यांच्या नोंदी पूर्ण होत्या, त्या सर्वांचा श्वास आधी थांबला, हृदय मागाहून. अपस्मार असलेल्या दर हजार प्रौढांमागे वर्षाकाठी सुमारे एकाचा असा मृत्यू होतो. सर्वांगास आचके देणारे झटके वारंवार येणाऱ्यांना हा धोका अधिक असतो.

यावरचा उपाय महाग नाही. फेनोबार्बिटल हे स्वस्त औषध १९१२ पासून वापरात आहे. योग्य उपचार मिळाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही गरीब देशांतील बहुसंख्य रुग्ण उपचारांवाचून राहतात. पैसा व डॉक्टर यांची वाण हे एक कारण; लाज हे दुसरे. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराची आडकाठी संसदेने १९९९ मध्ये दूर केली. घराघरांतील आडकाठी अद्याप पुरती दूर झालेली नाही. सासरी कळू नये म्हणून गोळ्या लपविल्या जातात, लपविताना चुकतात, आणि चुकलेल्या गोळीची किंमत प्रसंगी जिवाने मोजावी लागते.

औषध नियमित घेणे आणि रात्री कोणीतरी जवळ असणे, यांनी धोका कमी होतो. झटका आल्यास डोक्याखाली मऊ वस्त्र ठेवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत आणि तोंडात काहीही घालू नये. आचके थांबताच रुग्णास कुशीवर वळवावे व तो पुरता शुद्धीवर येईपर्यंत त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवावे. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला किंवा श्वास पूर्ववत झाला नाही, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. एवढे ज्ञान प्रत्येक शाळेत व कचेरीत देता येण्याजोगे आहे, आणि त्यासाठी कोणत्याही अंदाजपत्रकात वेगळी तरतूद करावी लागणार नाही.