वहिनींच्या वहीतला ओहम

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याकिनाऱ्यानं जाताना आरे-वारेची टेकडी लागते. खाली निळं पाणी, पांढरी वाळू, सुरूचं बन. गाड्या थांबतात, फोटो निघतात. पण तिथल्या माणसांना विचाराल तर ती सांगतील, समुद्र डोळ्यांना कितीही गोड दिसला तरी वारा खारटच. बिजागऱ्या गंजतात, कुलपं अडकतात, पितळ कळकतं.

माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो, इथंच राहतात. दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात. आंबोळी, सोलकढी आणि सकाळी गरम पाणी, एवढ्या भांडवलावर धंदा बरा चालतो. मागच्या मे महिन्यात आम्ही गेलो होतो, तेव्हा एका पहाटे जळका वास आला. वहिनी धावल्या, मेन स्विच बंद केला. बघतो तर न्हाणीघराबाहेरचा गीझरचा प्लग वितळून बोर्डाला चिकटलेला! खोलीत दोन लहान मुलं झोपलेली. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

वायरमनदादा आले. निदान तयारच होतं. ‘‘काकू, व्होल्टेज कमी असतं ना, त्यानं जळालं. मोठा स्टॅबिलायझर घ्या.’’ आकडा ऐकून वहिनींचा चेहरा उतरला. दोन पैसे कमी होतील का, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘‘तुम्हाला त्यातलं नाही कळायचं.’’

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण किती वेळा गिळलंय! वहिनींनी मात्र या खेपेला नाही गिळलं. ‘‘काय गो, तू शाळेत शिकलीस ना ते ओहम का कोण?’’ त्यांनी मलाच विचारलं. मी शिकले होते, पण मार्कांपुरतं. १८२७ मध्ये जॉर्ज सायमन ओहम या जर्मन शिक्षकानं मांडलेला नियम. गीझरचा संबंध तेव्हा कुठे लावला होता?

आयटीआयला जाणारा भाचा संध्याकाळी टाँग टेस्टर घेऊन आला. शेजारच्या खोलीत तसाच, २००० वॅटचा गीझर होता. त्यानं मोजलं : व्होल्टेज १८०, करंट ६.८ अँपिअर. वहिनींनी हिशेबाची वही उघडली. एका पानावर नारळाचे पैसे, दुसऱ्या पानावर ओहम!

भागाकार केला की रोध मिळतो. १८० भागिले ६.८ म्हणजे साधारण २६.५ ओहम. गुणाकार केला की शक्ती मिळते. १८० गुणिले ६.८, म्हणजे १२२४ वॅट. ‘‘अगो, मग हा दोन हजारांचा कुठला? संध्याकाळी बाराशेचाच की!’’ वहिनी म्हणाल्या. पाहुणे संध्याकाळी पाणी कोमट म्हणून का कुरकुरतात, ते तिथल्या तिथे कळलं. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला पूर्ण दाबावर साधारण १६ मिनिटं लागतात, तर १८० व्होल्टला २६. युनिटं मात्र जवळपास तेवढीच पडतात, कारण युनिट म्हणजे १००० वॅट गुणिले एक तास. शक्ती कमी, तर वेळ जास्त.

आता खरी गंमत. गीझरच्या आतली तार तीच, म्हणून रोधही जवळपास तोच. पहाटे गाव झोपलेलं, व्होल्टेज २३० वर आलेलं. २३० भागिले २६.५, म्हणजे ८.७ अँपिअर. म्हणजे व्होल्टेज कमी असताना गीझर कमी करंट ओढतो, आणि प्लग जळाला तो व्होल्टेज पूर्ण आल्यावर! आणि प्लग होता कितीचा? ६ अँपिअरचा. संध्याकाळीसुद्धा तो झेपण्यापलीकडेच होता.

त्यात खारा वारा. पिना कळकल्या, पकड सैल झाली की त्या सांध्यालाच रोध येतो. समजा, अर्धाच ओहम आला. साडेआठ अँपिअर गुणिले अर्धा, म्हणजे सव्वाचार व्होल्ट तिथेच खर्ची पडले. त्याला पुन्हा साडेआठांनी गुणा, ३६ वॅट! छोटी सोल्डरिंगची कावीळ व्हावी तसा नव्हे, तर अख्खी सोल्डरिंग आयर्न प्लगमध्ये कोंडावी तसा ताप. प्लास्टिक किती दम धरणार?

स्टॅबिलायझर आला असता तर सहा अँपिअरच्या प्लगवर संध्याकाळीही ८.७ अँपिअर आले असते. म्हणजे पैसे मोजून आगच विकत घेतली असती.

शेवटी १६ अँपिअरचा प्लग आणि सॉकेट, जाड तांब्याची स्वतंत्र वायर, तिचा वेगळा एमसीबी, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी एवढं बसवलं. शिवाय दर पावसाळ्याआधी पिना तपासायच्या, काळवंडलेल्या दिसल्या की बदलायच्या, अशी नोंद वहिनींच्या वहीत झाली.

एक सांगते. हा भागाकार गीझर, इस्त्री, पाण्याचा रॉड अशा तापणाऱ्या वस्तूंना लागू. विहिरीचा पंप, फ्रिज यांना मोटर असते, त्यांचं गणित निराळं. भार तोच असताना व्होल्टेज पडलं की मोटर उलट जास्त करंट ओढते आणि तापते. तिथे कमी व्होल्टेज खरोखर घातक. आणि उघड्या तारांशी खेळ आपण करायचा नाही, मोजणी जाणकारानंच करावी. पण मोजलेले आकडे मागून घ्यायला आणि हिशेब मांडायला कुणाची परवानगी लागत नाही.

निघताना वहिनींनी कोकमांची पिशवी हातात दिली. मागे वायरमनदादा नवं सॉकेट बसवत होते. वहिनी वळून म्हणाल्या, ‘‘दादा, वरचा आकडा दाखवा हो आधी. सोळाच आहे ना?’’