मृत्युपत्र आणि त्याचे दोन साक्षीदार

नागपूरचा महाल ही भोसल्यांची जुनी राजवस्ती. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी पुत्र नसताना व दत्तक न घेताच निवर्तले. मागाहून घराण्याने घेतलेला दत्तक डलहौसीने मानला नाही आणि १८५४ साली राज्य खालसा केले. राज्याची गोष्ट वेगळी, शेताची वेगळी. तरीही त्यातून एक बोध शेतकऱ्याने घेण्याजोगा आहे : आपल्यामागची व्यवस्था आपण हयातीत व रीतसर केली नाही, तर ती दुसरे करतात.

मृत्युपत्र नसल्यास जमीन वारसा कायद्याप्रमाणे वाटली जाते. ती वाटणी आपल्या इच्छेप्रमाणे असेलच असे नाही. म्हणून मृत्युपत्र कसे करावे, हे प्रत्येक खातेदारास ठाऊक असावे.

कोणी व कशाचे करावे

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे सज्ञान व शुद्धीवर असलेल्या कोणाही व्यक्तीस मृत्युपत्र करता येते. मुसलमान बांधवांना मात्र त्यांचा वैयक्तिक कायदा लागू आहे. वडिलोपार्जित एकत्र जमिनीपैकी हिंदू खातेदारास केवळ स्वतःचा हिस्सा देता येतो. २००५ च्या दुरुस्तीने अशा जमिनीत मुलीस मुलाइतकाच हक्क मिळाला असून तो वडिलांच्या मृत्युपत्राने नाहीसा होत नाही. भोगवटादार वर्ग २ ची जमीन असल्यास प्रथम तहसील कार्यालयात चौकशी करावी.

साक्षीची रीत

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते. त्यास मुद्रांक लागत नाही. गाव, गट क्रमांक, क्षेत्र, विहिरीतील हिस्सा व शेतात जाण्याची वाट स्पष्ट लिहावी. त्यानंतर पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. करणाऱ्याने शेवटी सही अथवा अंगठा करावा.

२. किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहावी, किंवा ती आपलीच असल्याचे करणाऱ्याने त्यांना स्वतः सांगावे.

३. प्रत्येक साक्षीदाराने करणाऱ्याच्या समक्ष सही करावी. दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही. पण असल्यास उत्तम.

४. साक्षीदारास मजकूर ठाऊक असण्याची गरज नाही. मात्र ज्यास काही मिळणार आहे, त्यास साक्षीदार करू नये. संशयास जागा राहते.

५. लेखनिकाची सही आपोआप साक्ष ठरत नाही.

पुष्कळदा सही घरी होते आणि साक्षी दुसऱ्या दिवशी पारावर घेतल्या जातात. असा कागद पुढे टिकत नाही. महाराष्ट्रातील एका दाव्यात मृत्युपत्रावर दोन साक्षी होत्या. परंतु न्यायालयात एकाच साक्षीदाराची जबानी झाली, आणि दुसऱ्याने रीतसर सही केल्याचे तिच्यातून सिद्ध झाले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ते मृत्युपत्र शाबीत झाले नाही असा निर्णय दिला. यास्तव साक्षीदार वयाने आपल्याहून लहान, गावातच राहणारे व विश्वासू निवडावेत. ते आपल्यामागे बोलावयास उरले पाहिजेत.

नोंदणी व फेरफार

नोंदणी सक्तीची नाही. तथापि दुय्यम निबंधकाकडे ती करून घेणे हितावह आहे. मात्र नोंदणीने साक्षीतील उणीव भरून निघत नाही. नोंदलेले मृत्युपत्रही हयातीत केव्हाही बदलता येते, आणि शेवटचे तेच खरे धरतात. नव्या कागदात तारीख घालून जुना रद्द केल्याचे नमूद करावे.

मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास, म्हणजेच आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, वर्दी द्यावी. सातबारावरील फेरफार ही महसुली नोंद होय. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयच मिटविते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखवावी. मृत्युपत्र करणे अशुभ, ही समजूत सोडून द्यावी. पेरणीपूर्वी बियाणे जितक्या काळजीने निवडतो, तितक्याच काळजीने हे दोन साक्षीदार निवडावेत.