गाडीआधी कागद

स्वतःची जीप मुंबई बंदरातून मोंबासाला धाडून पुढे आफ्रिका पालथी घालायची, तर आधी एक जाडजूड फाइल तयार होते. लोक तिला कंटाळतात. मला मात्र ती माणसाच्या अकलेचा फार सुंदर नमुना वाटते.

तिच्या मुळाशी आहे चासी नंबर, १७ अंक-अक्षरांचा. त्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरं कधीच येत नाहीत, कारण डोळा ती एक आणि शून्याशी घोटाळतो. आरसी, शिपिंग बिल, विमा, सगळीकडे हाच नंबर उतरतो. एक अक्षर चुकलं, की कस्टमच्या लेखी ती गाडी दुसरीच.

गाडी जहाजावर चढली की शिपिंग कंपनी देते बिल ऑफ लेडिंग. बंदरात सगळे ‘बीएल’च म्हणतात. माल मिळाल्याची पावती तीच, वाहतुकीच्या कराराचा पुरावा तोच, आणि मालावरचा हक्कही त्याच कागदात! ‘टू ऑर्डर’ बीएल असेल, तर गाडी भर समुद्रात असताना मागे सही करून तो दुसऱ्याला देता येतो. मोंबासाला गाडी मागायचा अधिकार मग त्याचा. मूळ प्रती बहुधा तीन काढतात. शिडाच्या जहाजांच्या काळात टपाल वाटेत बुडायचं, म्हणून प्रती वेगवेगळ्या जहाजांनी जात. त्यातली कुठलीही एक दाखवून माल सोडवला, की उरलेल्या दोन्ही रद्द. भारतात यासाठीचा १८५६ सालचा कायदा थेट २०२५ पर्यंत चालला. मग त्याच्या जागी नवा आला.

आता खरा पेच. गाडी फिरवून परत आणायची आहे, विकायची नाही. मग केनियाने आयातशुल्क माफ करावं तरी कुणाच्या शब्दावर? त्यावर उत्तर म्हणजे कार्नेट. आपल्याकडे वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारखी संस्था तारण घेऊन ही पुस्तिका देते आणि गाडीची हमी स्वतःच्या डोक्यावर घेते. प्रत्येक पानाचे तीन तुकडे: देशात शिरताना कस्टम एक फाडून घेतं, बाहेर पडताना दुसरा, तिसरा शिक्क्यांसह पुस्तिकेतच राहतो. एकमेकांना कधीही न भेटलेले अधिकारी अशा तुकड्यांवर विश्वास टाकतात, हे मला अजून नवलाचं वाटतं.

बाहेर पडतानाचा शिक्का राहिला, तर त्या देशाच्या हिशेबी गाडी अजून तिथेच आहे. शुल्काची मागणी संस्थेकडे येते आणि ती तुमच्या तारणाला हात घालू शकते. यावरही सोय आहे. पुस्तिकेत गाडीच्या ठावठिकाण्याचा दाखला असतो. घरी परतल्यावर अधिकाऱ्याने गाडी प्रत्यक्ष तपासून त्यावर सही-शिक्का दिला, की तोच पुरावा पुढे करून तारण सोडवण्यासाठी दाद मागता येते.