आधी तणस सुधारा, मग पुडी घ्या

मोहाडी तालुक्यात कुठल्याही गोठ्यात गेलो, की पशुपालक बंधू विचारतात, "डॉक्टर, जनावर भरावे म्हणून खाद्यात काय मिसळू?" मी आधी गव्हाणीत पाहतो. आपला मुलूख धानाचा. गव्हाणीत बहुधा तणसच असते. त्यात प्रथिने जेमतेम 3 ते 4 टक्के. शिवाय त्यातील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटात असंख्य सूक्ष्मजीव असतात. चारा तेच पचवतात. त्यांना नत्र मिळाले नाही, तर तणस पोटात रेंगाळते आणि जनावर कमी खाते.

अमेरिकेत मांसासाठी हजारो गुरे एकत्र ठेवून मक्यासारख्या धान्यावर पोसतात. तिथे 1975 मध्ये मोनेन्सिन या द्रव्याला मान्यता मिळाली. ते काही सूक्ष्मजीवांना आवरते, त्यामुळे कमी खाद्यात तेवढेच वजन भरते. युरोपीय संघाने वाढीसाठीचा हा वापर 2006 पासून बंद केला. घोड्याला तर हे द्रव्य जीवघेणे ठरते. मक्यावरच्या गुरांचे हे गणित तणसावरच्या बैलाला लागू होत नाही. आपल्याला सूक्ष्मजीवांना आवरायचे नाही, जेवू घालायचे आहे.

त्यासाठी 100 किलो तणसाला 4 किलो युरिया 40 ते 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा. थर दाबून ताडपत्रीने हवाबंद करा. 21 दिवसांनी उघडा. तणस मऊ होते, प्रथिने जवळजवळ दुप्पट होतात. देण्यापूर्वी तासभर पसरून वास जाऊ द्या. थोड्यापासून सुरुवात करून आठवडाभरात सवय लावा.

मात्र युरिया पाण्यात किंवा आंबोणात कधीही टाकू नका. त्याचे विष होते, जनावर तासा-दोन तासांत दगावू शकते. युरियाची बादलीही गोठ्यात ठेवू नका. सहा महिन्यांखालच्या वासरांना हे तणस देऊ नका.

जोडीला मोठ्या जनावराला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण, 30 ग्रॅम मीठ, थोडी ढेप आणि मुबलक पाणी द्या.

एवढे झाल्यावर पुडी घ्यायचीच असेल, तर आधी छातीचा घेर सुतळीने मोजून लिहून ठेवा. महिन्याने पुन्हा मोजा. फरक दिसला नाही, तर ते पैसे ढेपेवर खर्च करा.