आभासी जगांमधील विश्वास व सुरक्षासीमा

संगणकाने निर्माण केलेल्या व अनेकांना एकाच वेळी वावरता येणाऱ्या त्रिमितीय परिसरास आभासी जग म्हणतात. ते चालविणाऱ्या एकाच चालकाच्या सर्व्हर-समूहास ग्रिड ही संज्ञा आहे. निरनिराळ्या चालकांची ग्रिड जोडली असता एकाने दुसऱ्यावर कशाबाबत व किती विसंबावे, हे ठरविणारी मर्यादा म्हणजे सुरक्षासीमा होय.

लिंडेन लॅबच्या सेकंड लाइफमध्ये (२००३) सर्व सर्व्हर एकाच संस्थेच्या ताब्यात असल्याने सीमा केवळ संस्था व वापरकर्त्याचा संगणक यांच्यामध्ये असते. २००७ मध्ये सुरू झालेल्या ओपनसिम्युलेटर या मुक्तस्रोत आज्ञावलीमुळे कोणालाही स्वतःचे ग्रिड उभारता येऊ लागले. जुलै २००८ मध्ये लिंडेन लॅब व आयबीएम यांनी सेकंड लाइफच्या चाचणी-ग्रिडमधून ओपनसिम्युलेटरच्या सर्व्हरवर अवतार, म्हणजे वापरकर्त्याचे दृश्यरूप, पाठवून दाखविला. त्याचे कपडे व इतर वस्तू मात्र पलीकडे नेता आल्या नाहीत.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (अर्व्हाइन) क्रिस्टिना लोपेस यांनी रचलेल्या हायपरग्रिड पद्धतीत अवतार आपल्या मूळ ग्रिडमधून परक्या ग्रिडमध्ये वस्तूंसह जाऊ शकतो. आरंभीच्या रचनेत यजमानाला पाहुण्याचे सत्र-चिन्ह मिळत असे. दुष्ट हेतूचा यजमान ते वापरून पाहुण्याच्या संपूर्ण वस्तुसंग्रहापर्यंत पोहोचू शके. पुढील आवृत्त्यांत प्रत्येक गंतव्यासाठी वेगळे चिन्ह देण्यात येऊ लागले. यजमानाचा द्वारपाल-सर्व्हर ते मूळ ग्रिडकडून पडताळून घेतो. तसेच प्रवासात संपूर्ण संग्रहाऐवजी ‘सुटकेस’ नावाच्या कप्प्यातील वस्तूच यजमानास उपलब्ध होतात.

विश्वास हा दुतर्फा असतोच असे नाही आणि तो साखळीने पुढेही जात नाही. पहिल्या ग्रिडचा दुसऱ्यावर व दुसऱ्याचा तिसऱ्यावर विश्वास असला, तरी पहिल्याने तिसऱ्यावर विसंबावे असे निष्पन्न होत नाही. म्हणून प्रत्येक प्रवेश स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

या उपायांनाही मर्यादा आहे. वस्तू दिसण्यासाठी तिचा आकार व पोत यांची माहिती पाहणाऱ्याच्या संगणकाकडे पाठवावीच लागते. २००६ मध्ये कॉपीबॉट या आज्ञावलीने सेकंड लाइफमधील वस्तूंच्या प्रती याच मार्गाने केल्या, तेव्हा वस्तू विकून पैसे मिळविणाऱ्या अनेक विक्रेत्यांनी निषेधार्थ दुकाने बंद ठेवली. ‘नक्कल करू नये’ ही वस्तूवरील खूणही, ती पाळणाऱ्या सर्व्हरपुरतीच परिणामकारक असते. परक्या चालकाच्या माहितीसाठ्यात वस्तू गेली, की खूण पाळणे त्याच्या मर्जीवर उरते. यास्तव काही ग्रिड वस्तू बाहेर नेण्यासच मनाई करतात. सीमा ओलांडलेली वस्तू परत मागता येत नसल्याने, काय ओलांडू द्यावे याचा निर्णय मूळ ग्रिडमध्येच घ्यावा लागतो.